घरच्या वेळेचं घड्याळ

‘व्हर्नची पलटण’ असं छापलेले निळे टी-शर्ट ग्वेननं हौसेनं करून घेतले होते. जहाजाच्या सहलीला निम्मी कुटुंबं असे एकसारखे टी-शर्ट घालून मिरवतात, त्यात नवल काहीच नाही. पण ग्वेन एरवी असल्या थेरांना नाक मुरडणारी बाई. तिचा नवरा डेल बॅग भरताना म्हणालासुद्धा, "तू आणि टी-शर्ट?" तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मनात काळंबेरं असलं की माणूस जरा जास्तच गोड वागायला लागतो, आणि ग्वेन तर गेले दोन महिने साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखी वागत होती.

व्हर्न म्हणजे तिचे वडील. ऐंशी ओलांडलेले, ओहायोतल्या दारं बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चालताना पुढ्यात चार चाकांचा वॉकर ढकलणारे. त्या वॉकरला बसायला एक छोटीशी गादीही होती, त्यामुळे म्हातारबुवा जिथे दमतील तिथे दरबार भरवत. मायामीला जहाजावर पाऊल ठेवल्यापासून लिफ्टमध्ये, जेवणाच्या रांगेत, पोहण्याच्या तलावाकाठी जो भेटेल त्याला ते सांगत होते, "ही माझी मुलगी. हिनं आणलंय मला. नातीला पण घेऊन आलीय. तुमची मुलं आणतात का?" लोक हसून म्हणत, नशीबवान आहात. ग्वेनही हसे. मग काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून केबिनमध्ये जाऊन बसे.

कारण असं की व्हर्न जहाजावर मजा करत असताना तिकडे ओहायोत त्यांचं घर रिकामं होत होतं. ग्वेनचा भाऊ रस ते काम करत होता. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि ‘मेपल कोर्ट’ नावाच्या वृद्धाश्रमात खिडकीजवळची एक खोलीही ठरली होती. आई गेली तेव्हा व्हर्ननी घर डोळे मिटून दोन्ही मुलांच्या नावावर केलं होतं, त्यामुळे त्यांच्या सहीची गरजच नव्हती. कारणं नव्हती असं नाही. दोनदा गॅस चालू राहिला होता. तळघराच्या जिन्यावरून पडून ते सकाळपर्यंत तसेच पडून राहिले होते. पण विषय काढला की एकच उत्तर, "मी या घरातून आडवाच बाहेर पडेन." शेवटी रसनं तोड काढली. "तू त्याला फिरायला ने. मी इकडचं उरकतो. आणि समुद्रावर असतानाच सांगून टाक. तिथून तो कुठे पळून जाणार आहे?"

ग्वेनला हे ऐकून शहारा आला होता. पण तिनं ‘हो’ म्हटलं होतं. 

पहिला मुक्काम नासाऊ. तिथे फोनला रेंज आली आणि रसचे फोटो धडाधड येऊन पडले. दिवाणखाना रिकामा. सोफ्याखाली गालिच्याचा जेवढा भाग ऊन न लागता राहिला होता तेवढा गडद चौकोन. खाली रसनं लिहिलं होतं, ‘सांगितलंस का?’ शेजारी व्हर्न स्ट्रॉनं शहाळं पीत होते. त्यांनी विचारलं, "कोण गं, रस का? पावसाचं विचार त्याला. तळघरात पाणी चढलं तर पंप चालू करायला सांग." ग्वेननं फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे म्हणतोय, डॅड." खोटं बोलताना आपला आवाज इतका सरळ राहतो, याचीच तिला भीती वाटली.

दुसरा दिवस नुसता समुद्राचा. जहाजाचं इंटरनेट तिनं घेतलं नव्हतं. सुट्टीत कशाला हवा फोन, असं ती सगळ्यांना सांगत होती. खरं म्हणजे किनारा दिसला की तिला रसच्या निरोपाची धास्ती वाटायची आणि किनारा दिसेनासा झाला की जीव भांड्यात पडायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी ती चहूकडचं पाणी बघत पडून राहायची. डेल पोटावर आपटून उड्या मारायच्या स्पर्धेत उतरला आणि दुसरा आला. नात ब्रिन सतरा वर्षांची, ती बापाला ओळख न दाखवता लांब जाऊन बसली. व्हर्न हसून हसून लाल झाले.

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. किल्ली द्यायचं जुनं घड्याळ, कारखान्यानं निरोपाच्या वेळी दिलेलं. प्रवासात ते घरच्या वेळेला लावलेलंच ठेवायचं असा त्यांचा दंडक होता. "आत्ता ऊन किचनच्या ओट्यावर आलं असेल," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "आता पोस्टमन आला. शेजारच्या लोइसचा कुत्रा भुंकतोय बघ."

"अहो, पण जहाजाची वेळ तीच आहे," डेल टॉवेलनं डोकं पुसत म्हणाला. "जहाज मायामीच्या वेळेवर चालतं. मायामी आणि ओहायो एकच."

"तो योगायोग," व्हर्न म्हणाले. "हे घराचं घड्याळ आहे. जहाजाला बरोबर चालायचं असेल तर चालू दे."

ग्वेन उठून बसली. आता सांगायचं, हीच वेळ. "डॅड," ती म्हणाली, "घराबद्दल जरा बोलायचं होतं."

"बोल की. मीही तेच म्हणणार होतो. मागच्या पायऱ्यांना कठडा लावून घेतो. तू म्हणतेस तर." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "ऐकतो मी तुझं. तुला वाटतं मी ऐकत नाही."

झालं. ग्वेन म्हणाली, "हां, कठडा," आणि परत आडवी झाली.

रात्रीच्या जेवणात मक्याचे दाणे आले. व्हर्ननी एक चमचा तोंडात घातला आणि चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

"याला मका म्हणतात? हा तर रबर आहे. आर्डिथनं ऐकलं असतं तर बल्लवाचार्याला मागच्या दारी कणसं सोलायला बसवलं असतं."

आर्डिथ म्हणजे ग्वेनची आई. दर ऑगस्टला ती शेतावरून पोतंभर कणसं आणायची. मग अख्खं घर एक दिवस त्याच कामाला. कोणी सोलायचं, कोणी उकळत्या पाण्यातून काढून बर्फात टाकायचं, कोणी दाणे काढायचे. आई पिशव्या भरून त्यांवर आपल्या तिरक्या अक्षरात साल घालायची आणि गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये रचायची. ती गेली त्या वर्षीच्या ऑगस्टलाही तिनं मका भरला होता. त्यातल्या काही पिशव्या व्हर्न अजून राखून होते. लग्नाच्या वाढदिवसाला एक उघडायचे, एकटेच, लोणी घालून. दुसऱ्या कुणाला त्यातला दाणाही मिळत नसे.

"परत गेलो की एक पिशवी उघडू," व्हर्न म्हणाले. "तुम्ही सगळे या. ग्वेनीनं मला समुद्र दाखवला, मी तिला तिच्या आईच्या हातचा मका खाऊ घालतो. फिटंफाट."

डेल ग्वेनकडे बघेना. ब्रिन म्हणाली, "आजोबा, मला पण? खरंच?" आणि ग्वेननं हातातला चमचा खाली ठेवला. फ्रीझर. रसला फ्रीझरबद्दल सांगायचं राहूनच गेलं होतं. सांगावं लागेल हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्या सामानात तो गंजलेला पांढरा डबा कुणाच्या लक्षात राहणार? आता इथून निरोप धाडायचा तर उद्याचा किनारा यायलाच हवा होता, आणि सहलीत पहिल्यांदाच ती किनाऱ्याची वाट बघत जागी राहिली.

कोझुमेलला उतरल्या उतरल्या तिनं फोन चालू केला. रसचा फोटो आधीच येऊन पडला होता. ट्रकवर चढवलेला फ्रीझर, दार दोरीनं बांधलेलं. ‘गॅरेज रिकामं! सांगितलंस ना?’

तिनं लगेच फोन लावला, रसनं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. दुपारपर्यंत हाच प्रकार चालला. डेल आणि ब्रिन मासे बघायला पाण्यात उतरले. व्हर्न सावलीत वॉकरवर बसून टोप्या विकणाऱ्या माणसाशी घासाघीस करत राहिले, दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघं खूश होते. सगळे परत आल्यावर ग्वेन डेलला म्हणाली, "तुम्ही डॅडला घेऊन पुढे व्हा. मी जरा बाजार करून येते."

"वेळेवर ये," डेल म्हणाला.

"अजून रग्गड वेळ आहे," ती फोनकडे बघत म्हणाली.

ते गेले आणि नेमका रसचा फोन आला.

"रस, तो ट्रक थांबव. फ्रीझर परत आण."

"कसला फ्रीझर? अगं, तो कालच भंगारात गेला."

"आणि आतलं?"

"आतलं काय, बर्फाची ढेकळं. सात-आठ वर्षांचा जुना मका होता, ग्वेन. फेकला. काय करायचं होतं त्याचं?"

"आईच्या हातचा होता तो."

रस चिडला. चूक कळली की तो आधी चिडतो, लहानपणापासून. "मग आधी सांगायचं होतंस. मी इथे एकटा राबतोय, पाठ मोडलीय माझी, आणि तू जहाजावर बसून उंटावरून शेळ्या हाकतेयस. एक काम दिलं होतं तुला. सांगितलंस का त्याला?"

"नाही."

"बघ," रस म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मला माहीत असतं तर मी माझ्या फ्रीझरमध्ये ठेवला असता गं. मला काय माहीत?"

त्याचंही बरोबर होतं. त्याला सांगणं तिचं काम होतं. आईचा मका ती विसरली होती. रस नव्हे, ती. फोन ठेवून ती एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. दुकानदारीण बाहेर आली, पाण्याची बाटली देऊन गेली. वेळ अजून होता. फोन तसंच सांगत होता. म्हणून तिनं तोंड धुतलं, एक टोपी विकत घेतली, आणि व्हर्नना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत सावकाश धक्क्याकडे निघाली.

सावकाश चालणाऱ्या माणसाला जहाजाचा भोंगा ऐकू येतो तेव्हा आधी वाटतं, दुसऱ्या कुणाचं तरी जहाज असेल. मग तिला आठवलं. रोज सकाळी जहाजाच्या लाउडस्पीकरवरून बजावत होते, फोनचं ऐकू नका, बेटाची वेळ वेगळी, जहाजाच्या वेळेनं परत या. नासाऊला दोन्ही वेळा एकच होत्या म्हणून तिनं कानाडोळा केला होता. इथे फोननं गुपचूप तासभर मागे उडी मारली होती. रग्गड वेळ वगैरे काही नव्हता. वेळ संपून गेला होता.

ती पळाली. पन्नाशीतली बाई, पायात सपाता, हातात टोपी, अंगात ‘व्हर्नची पलटण’. धक्का चांगलाच लांब. आणि जहाजाच्या वरच्या मजल्यांवर कठड्याला खेटून शेकडो माणसं उभी, कारण उशिरा पळत येणाऱ्यांची गंमत बघणं हा तिथला रोजचा तमाशा. टाळ्या, शिट्ट्या, "पळ, पळ!" कुणी घड्याळ दाखवत होतं, कुणी टाटा करत होतं. नासाऊला तीही त्या कठड्याशी उभी राहून हसली होती. ग्वेन केव्हाच आत आली असेल या समजुतीत गर्दीत डेलही होता. हातात ग्लास घेऊन सगळ्यांसारखा ओरडत होता, "अगं ए निळे, चपला टाक!" आणि मग त्याला टी-शर्ट दिसला. ग्लास त्याच्या हातातून खाली गेला.

धक्क्याला लागलेला पूल अजून काढला नव्हता. का काढला नव्हता ते जवळ आल्यावर दिसलं. पुलाच्या बरोबर मध्यावर वॉकर आडवा लावून, ब्रेक दाबून, वॉकरच्या गादीवर व्हर्न बसले होते. दोन गणवेशधारी अधिकारी त्यांच्या आजूबाजूला वाकून उभे होते.

"सर, कृपा करून आत चला. कप्तान थांबलेत."

"पायात गोळा आलाय," व्हर्न म्हणत होते. "माझ्या वयाला पोचलात की कळेल. हलवाल तर ओरडेन."

"सर, तुम्ही मघाशी म्हणालात छातीत दुखतंय."

"ते आधी दुखत होतं. आता पाय." मग त्यांना ग्वेन दिसली. त्यांनी ब्रेक सोडला आणि उभे राहिले, पायात गोळाबिळा काही नसल्यासारखे. "ही बघा. म्हटलं नव्हतं? माझी मुलगी मला टाकून गेली नसती, मग मी तिला टाकून कसा जाऊ?"

अधिकारी हसला आणि बाजूला झाला. वरून टाळ्यांचा कडकडाट झाला. ग्वेनला धाप लागली होती. तिला वाटलं, या पुलावरून खाली पाण्यात उडी टाकावी. व्हर्ननी तिचा हात वॉकरच्या दांडीवर ठेवला आणि म्हणाले, "धर. दमलीस. आणि काय गं, माझं घड्याळ बरोबर होतं की नाही?"

शेवटचा दिवस पुन्हा समुद्राचा. पुढे कुठलंही बेट नव्हतं, थेट मायामी. ग्वेन न्याहारी न करता व्हर्नना जहाजाच्या बाजूच्या सावलीतल्या डेकवर घेऊन गेली. त्यांनी आजही तोच टी-शर्ट घातला होता, छातीवर कॉफीचा डाग पडलेला. कालच्या पराक्रमाबद्दल येणारे-जाणारे त्यांच्याशी हात मिळवत होते. गर्दी ओसरेपर्यंत ती थांबली. जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत.

"डॅड, घर विकलं."

व्हर्न समुद्राकडे बघत राहिले. "कुणी?"

"आम्ही. मी आणि रसनं. तू इकडे असताना रिकामं करायचं ठरलं होतं. उद्या उतरलो की तुला घरी नाही, मेपल कोर्टला न्यायचं आहे. चांगली खोली आहे. खिडकी आहे." खिडकीचं बोलताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"म्हणजे मी शहाळं पीत होतो तेव्हा."

"हो."

"आणि म्हणून हे सगळं." त्यांनी हात फिरवला. जहाज, समुद्र, छातीवरची अक्षरं, सगळंच त्यात आलं. "पलटणीत सगळ्यांना ठाऊक होतं?"

"डेलला. ब्रिनला नाही."

"हं. एक तरी सच्ची निघाली." त्यांनी छातीवरचा कॉफीचा डाग नखानं खरवडला. मग म्हणाले, "गॅस मीच विसरलो होतो. मला कळत नाही असं नाही. विचारलं असतंस तर नाहीच म्हणालो असतो. पण विचारायचं होतंस, ग्वेनी."

"हो," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. चुकले मी."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं त्यात नव्हतं, ऐकलं एवढंच होतं. तरीही ग्वेनला क्षणभर वाटलं, सुटले. तेवढ्यात त्यांनी विचारलं, अगदी सहज, घरातल्या एखाद्या कामाबद्दल विचारावं तसं, "आणि गॅरेजमधला फ्रीझर? तो रसनं स्वतःकडे नेला ना?"

‘हो’ म्हणणं फार सोपं होतं. तिचा आवाज सरळ राहिला असता, तिला ते आता पक्कं ठाऊक झालं होतं.

"नाही," ती म्हणाली. "टाकला. मी रसला सांगायचं विसरले. काल त्यासाठीच फोन करत होते, म्हणून उशीर झाला."

"सगळ्या पिशव्या?"

"सगळ्या."

घर गेल्याचं ऐकून व्हर्नचा चेहरा दगडासारखा राहिला होता. आता तो हलला. त्यांनी वॉकरची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि उठायला गेले, पण उठले नाहीत. ग्वेननं हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. झिडकारलाही नाही. तो त्यांना दिसलाच नाही.

"मी पुढच्या वर्षांसाठी मोजून ठेवला होता," ते म्हणाले. "माझ्यापुरता."

  आतून तलावाकाठचं गाणं ऐकू येत होतं, कुणीतरी पाण्यात उडी मारली आणि लोक हसले. दोघं तिथेच बसून राहिले. सावली सरकली आणि ऊन त्यांच्या पायांवर आलं.

सवयीनं व्हर्ननी मनगट वर केलं आणि घड्याळ बघितलं.

"आत्ता ऊन किचनच्या..." ते म्हणाले आणि थांबले.

हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला, घड्याळावर दुसरा हात झाकला.

"किती वाजले गं?" त्यांनी विचारलं.

"तुझ्या हातात घड्याळ आहे, डॅड."

"ते घराचं. जहाजाची वेळ विचारतोय मी."

ग्वेननं फोन काढला, बघितला, आणि त्यांना वेळ सांगितली. तीच होती.